दादांचं हेल्मेट

दोन बोटांच्या चिमटीत पट्टा धरून दादांनी हेल्मेट माझ्यापुढे केलं. मेलेला उंदीर उचलावा तसं.

"राहू दे तुलाच. गिफ्ट समज."

सकाळपासून तेच हेल्मेट आम्ही आळीपाळीनं घालत होतो. त्यांचा घाम माझ्या कपाळाला, माझा त्यांच्या. मधे फक्त चहा झाला होता. चहात माझं आडनाव निघालं होतं.

मी दिल्लीला कलेक्टर व्हायला आलो आणि करोल बागेत मोटारसायकलच्या पार्टच्या दुकानात माझी नेमणूक झाली. रविवारी फरीदाबादच्या पुढे, जुन्या खाणीतल्या ट्रॅकवर डर्ट बाइक उडवायला शिकायचो. गाडी हवेत गेली की पाय सोडायचे, अंग मागं ताणायचं, हात तेवढे हँडलला. पहिल्यांदा जमलं तेव्हा इतका वर गेलो की थेट पानिपत दिसलं, आणि आपण का हरलो तेही कळलं. उतरताना एका घारीनं मला साइड दिली.

"ओ मराठे, नीचे आएगा या ऊपर ही कमरा ले लिया?" शिकवणारा उस्ताद खालून ओरडायचा. हरियाणाचा गडी. त्याच्या लेखी महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण मराठा. मीही दुरुस्ती केली नाही. फुकटात राजघराण्यात गेलो होतो.

मग हे पुण्याचे दादा आले. गुडगावात मोठ्या कंपनीत. मी सर म्हटलं तर म्हणाले, "सर काय रे, दादा म्हण." किती दिवसांनी कुणीतरी मला 'अरे' म्हणालं. डोळे भरले. धूळ गेली म्हणून सांगितलं. पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटशिवाय उडी नाही, हा ट्रॅकचा नवा नियम नुकताच निघाला होता. माझ्याकडे नव्हतं. "माझं घाल की," दादा म्हणाले.

आणि त्या दिवशी चहा पिताना, "आडनाव काय रे तुझं?"

सांगितलं.

"अच्छा. गावात घर कुठल्या बाजूला?"

तेही सांगितलं.

इथं वाढवून सांगायला माझ्यासारख्यालाही काही सुचत नाही. ते हसले. चहा संपवला. हेल्मेट चिमटीत आलं.

"ले ले यार, मराठा मराठे को दे रहा है," उस्ताद म्हणाला. त्याच्या हिंदीत माझ्या आडनावाला काही अर्थच नव्हता. अपमान फक्त आम्हा दोघांना ऐकू आला. मायबोलीत.

मी हेल्मेट घेतलं. मोह झाला, खोटं कशाला बोलू. मग ते त्यांच्या गाडीच्या सीटवर नेऊन ठेवलं.

"हे तुमचं, सर."

"अरे, दादा म्हण की."

"नाही, सर."

त्या दिवशी उडालो नाही. ते उडत होते, मी टेकाडावर बसून त्यांची धूळ खात होतो. अजूनही रविवारी तिथंच बसतो.

उस्तादाला सांगितलंय, मराठे म्हणायचं नाही, आडनावानं हाक मार. त्याला उच्चार जमत नाही, पण ओरडतो. हेल्मेट माझं स्वतःचं येईल तेव्हाच उडी. जर्सीच्या पाठीवर आडनाव रंगवणार, हवेत अंग ताणलं की अख्ख्या टेकाडाला दिसेल एवढं. वाचता सगळ्यांना येईल. कळेल एकट्या सरांना.

कळू दे.