खिडकीतला बोळा

त्या माणसाचं नाव मी इचारलंच न्हाई, आमी त्याला डबीवालाच म्हणायचो. वडवणीच्या यष्टीनं आला, चपला बाहेर काढल्या आन् माझ्या तान्ह्या पोरीच्या पाळण्याजवळ खुंटीला पावडरच्या डब्याएवढी डबी टांगली. पोरगी उठू नये म्हणून श्वास धरून, टाचा वर करून टांगली, तेवढं लई ध्यानात हाय.

मी म्हणलं, "दादा, हे कावून?"

"जमिनीतून एक वायू निघतो, ताई. दिसत नाही, वास नाही. बंद घरात साचतो, छातीला बाधतो. किती आहे ते डबीवरून कळेल."

मी पाळण्यावर पदर पसरला. सासूबाई चुलीम्होरून म्हणल्या, "म्हंजी बाहेरचं हाय. लिंबू बांध डबीला."

तो हसला न्हाई. खिडकीतला चिंध्यांचा बोळा बोटानं दाबून म्हणला, "हा काढा. हवा खेळू द्या."

"बाळंतिणीच्या खोलीत वारं?" सासूबाई म्हणल्या. "लेकरू मारायचं हाय का?"

तीन महिन्यांनी डबी न्यायला आला, तवा तिला बांधलेलं लिंबू त्यानं हळूच सोडलं आन् परत खुंटीला नीट बांधून ठिवलं.

मी इचारलं, "किती निघाला?"

"तिकडं आमच्या लॅबमधल्या मशीनवर बघावं लागेल. तुमच्या एसटीडीच्या दुकानात फोन करून कळवतो."

फोन आलाच न्हाई. घरातली हवा खराब का बाहेरची, मला कोणीच सांगंना. सासूबाई शेतात गेल्या की मी बोळा काढते आन् खिडकीला पाठ लावून पोरीला पाजत बसते, म्हंजी वारं आधी मला लागंल.