झाकल्या कोण निघाला?

भांडणं आमच्या नगर जिल्ह्यात पैशाला पासरी मिळतील. पण भांडणामागची गोष्ट कळल्याशिवाय एक गुद्दाही मारायचा नाही, असा नेम पाळणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे धाकटे मामेसासरे. राहात्याजवळ त्यांची पेरूची बाग आहे. तिकडची माणसं मात्र त्यांना ओळखतात ती जत्रेच्या कुस्त्यांचे निवेदक म्हणून. फडात पैलवान उतरला की माईकवर त्याचं गाव, त्याची तालीम, त्याचा वस्ताद आणि समोरच्याशी त्याची जुनी खुन्नस, हे सगळं सांगून झाल्याशिवाय मामा हलगीवाल्याला टिपरू उचलू देत नसत. त्यांच्या मुलानं पुण्याला नोकरीवर जाताना आपला व्हिडिओ गेमचा डबा घरी ठेवला, आणि त्यातल्या मारामारीच्या गेममध्ये मामांना बारमाही जत्रा सापडली.

हा गेम जगभरची पोरं समोरच्याला लोळवण्यासाठी खेळतात. मामा खेळतात ते गोष्टीसाठी. लढत सुरू होण्यापूर्वी दोन्ही गडी एकमेकांना दोन वाक्यं टोचून बोलतात, तेवढ्यावर सगळं थांबवून मामा मला म्हणणार, "जावईबापू, वाचा. काय म्हनतोय त्यो?" मी नगरच्या एका कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार बघतो, त्यामुळे रविवारी मामांकडे गेलो की ही कामगिरी माझ्याकडे. मी वाचायचं आणि मामांनी ते आपल्या मातीत लावायचं. हातातून जाळ काढणारा एक उघडाबंब गडी होता, त्याला त्यांनी पाथर्डीचं गाव दिलं, कारण एवढी धग दुसरीकडे कुठे असणार? लांब वेणीनं माणसं उचलून आपटणारी बाई श्रीगोंद्याची, उसावर वाढलेली. आणि मामांचा लाडका, जाड मानेचा एक कुस्तीगीर, तो अर्थातच राहात्याचा. त्याचं नाव रांगड्या. एकदा मी म्हटलं, "मामा, तुम्ही सगळं मनानंच सांगता की!" त्यावर ते गंभीर झाले. "गाव मी देतो, जावईबापू. पन नातं कदी बदलत न्हाई. नातं बदललं की भांडन बदलतं."

कारणाच्या बाबतीत तर ते फार कडक. एक चिलखतवाला जग वाचवायला लढतोय असं मी वाचलं, तर त्यांनी त्याला खेळवायलाच नकार दिला. "जग वाचवाया कोन भांडतं वो? मानसं बांधावरून भांडत्यात." मग त्या गड्याचा आणि समोरच्या राक्षसाचा सामाईक बांध ठरला, तेव्हा कुठे लढत लागली. ती लागून उपयोग काहीच नसे, कारण मामा हमखास हरत. रंगात आले की हातातला कंट्रोलर ते माईक समजून तोंडाशी नेत, बटणं दाबायची राहून जात आणि पडद्यावर त्यांचा गडी मुकाट मार खाई. हरल्याचं दुःख नाहीच. जिंकणारा शेवटी काय बोलतो ते ऐकायला मिळालं की स्वारी खूश. मला मैदानात उतरवतानाही त्यांनी सोडलं नाही: "नगरच्या कचेरीतून आलेला, खुर्चीवर पोसलेला, चहाच्या तालमीत तयार झालेला आपला जावईऽऽ!" मामी आतून म्हणत, "आवो, जेवू तरी द्या त्यांना."

हे सगळं जितक्या वरच्या पट्टीत चाले, तितकंच भिंतीपलीकडे जाई. पलीकडे मामांचे थोरले भाऊ, आण्णा राहतात. दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद. वाटणीच्या वेळी एका लांबलचक घराच्या मधोमध भिंत घातली गेली. विटा कमी पडल्या की राग कमी पडला कोण जाणे, पण ती पत्र्याच्या हातभर खाली थांबली. त्यामुळे एकीकडच्या फोडणीला दुसरीकडे शिंक येते. खरं तर आण्णा जवानीतले नावाजलेले पैलवान. ते फडात उतरण्याआधी मामा माईकवरून त्यांची अशी ओळख करून देत, की समोरचा निम्मा तिथंच चीत व्हायचा, असं जुनी माणसं सांगतात. मग बिनसलं कशावरून? मामी विहिरीच्या मोटारीवर बोट ठेवतात, भावकी लग्नपत्रिकेतल्या नावांच्या क्रमावर. माझ्या बायकोनं एकदा सरळ मामांनाच विचारलं. जगातल्या यच्चयावत भांडणांची कारणं मागणारे मामा टीव्हीमागे वाकून म्हणाले, "वायर ढिली झाली वाटतं." बराच वेळ ते तिथंच खुडबुडत राहिले.

गेल्या वर्षी त्या गेमच्या कंपनीनं एका नव्या गड्याची घोषणा केली. तोंडावर मुखवटा, अंगावर काळी घोंगडी, आणि लढत कुणाशीही असो, मधे घुसून रांगड्यालाच मारणारा. तो कोण, हे पुढच्या व्हिडिओत कळणार होतं. मामांनी त्याचं नाव ठेवलं झाकल्या, आणि त्यांची झोप उडाली. "ही कंपनी अंतरपाट धरून बसलीय, जावईबापू. मंगलाष्टकं संपंना झाली!" बागेत, बाजारात, दाढी करताना, झाकल्या कोण याच्यावर त्यांचं निवेदन सुरू. झाकल्या रांगड्याचा वस्ताद असावा, की चेला, की वेणीवालीचा नवरा?

त्याच दिवसांत मी रिवाजाप्रमाणे पलीकडे आण्णांकडे चहाला गेलो. बशीत चहा ओतत, भिंतीकडे पाठ करून, आण्णा हळूच म्हणाले, "जावई, त्यो झाकल्या कंच्या तालमीचा हाय वो?" मला ठसकाच लागला. आण्णांनी तो गेम कधी पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. त्यांच्या समजुतीप्रमाणे राहात्याच्या कुण्या रांगड्या पैलवानाला कुणी मुखवटेवाला खरोखरच छळत होता. मी सांगायला गेलो, "आण्णा, ते खरं नसतं, खेळ असतो." तर म्हणाले, "कुस्तीत आता खरं काय ऱ्हायलंय?" आणि निघताना बजावलं, "मी इचारलं म्हनून तिकडं सांगू नका."

शेवटी त्या व्हिडिओचा रविवार उजाडला. दुपारी मामांनी नारळ फोडला, मामींना जबरदस्तीनं समोर बसवलं आणि कंट्रोलर तोंडाशी धरला. पडद्यावर रांगड्यानं झाकल्याला उचलून आपटलं. "धरला! धरला! आता काय सुटत न्हाई! मंडळी, अंतरपाट निघतोयऽऽ!" मुखवटा फुटला. आत तेच नाक होतं, त्याच भुवया, तीच जाड मान. रांगड्याचा उगारलेला हात तसाच राहिला. खाली इंग्रजीत वाक्य उमटलं ते मी मामांच्या कानाशी हळूच वाचलं: हा त्याचा थोरला भाऊ.

मामांचं निवेदन बंद पडलं. कंट्रोलर हळूहळू मांडीवर आला. मामींच्या हातातला खोबऱ्याचा तुकडा हातातच राहिला. आणि मग पत्र्याखालच्या त्या हातभर फटीतून एक खाकरणं आलं, पाठोपाठ जड आवाज.

"आरं, कोन निघाला त्यो?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मामांनी कुणाकडेच पाहिलं नाही. माईकचा नव्हे, घरातला साधा आवाज काढून ते म्हणाले, "भाऊ निघाला, आण्णा."

पलीकडे खाट करकरली. "थोरला का धाकटा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, घट्ट. "धाकटा," ते म्हणाले. "धाकट्यानंच तोंड झाकलं हुतं."

खाट पुन्हा करकरली. मग आण्णा म्हणाले, "मग थोरल्याचंच कायतरी चुकलं आसंल. उगं कोन तोंड झाकतंय?"

एवढंच. भिंत अजून तशीच आहे, कुणी कुणाच्या उंबऱ्यात गेलेलं नाही, आणि मोटार की पत्रिका हेही अजून कुणाला कळलेलं नाही. फक्त मामांनी टीव्ही उचलून त्या भिंतीशी नेलाय, आणि लढत लावण्याआधी ते क्षणभर थांबतात. पलीकडून "हूं" आलं की सुरू. नवा व्हिडिओ आला की इंग्रजी मीच वाचतो, आणि मधे 'थोरला' हा शब्द आला की मला नेमका खोकला येतो.