ग्लाशा मावशीचे बसलेले पाव

दार मी लाथेने लावलं. माझ्या दोन्ही हातांत लाकडं होती, हे माझं म्हणणं. डोकं कुठे होतं, हे ग्लाशा मावशीचं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत कुणी दार आपटत नाही. मावशीच्या भट्टीत कुलिच भाजत असतात. अंडी, लोणी, मनुका घातलेले हे उंच गोड पाव धक्का लागला की मधोमध बसतात. इसिक-कुल तळ्याच्या काठी वाढलेल्या रशियन पोराला हे बोलता येण्याआधी कळतं. मलाही कळत होतं. पण दार आपटलं, खिडकी थरथरली आणि भट्टीतले सगळे पाव नापास झालेल्या वर्गासारखे खाली मान घालून बसले.

"तिखोन," मावशी शांतपणे म्हणाली, "तुझ्या बापानेही एकदा असंच केलं होतं. पण तेव्हा तो चार वर्षांचा होता."

"मावशी, चव तर तीच राहील—"

"ती तू चाख. देवळात काय नेऊ?"

पीठ फुगायलाच रात्र लागते, आणि टोपल्या दुपारी आशीर्वादाला न्यायच्या. अख्ख्या गल्लीचे कुलिच तीच करते, दरवर्षी, फुकट. स्वतः मात्र कुणाचं काही घेत नाही. कुणी सफरचंदं ठेवून गेलं, तर संध्याकाळी त्यांचाच मुरंबा त्यांच्या दारात हजर.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मरताना तिच्या आईने धर्मगुरूला बोलवायला सांगितलं होतं. तो सोव्हिएत काळ, देवळं बंद, आणि मावशी तेव्हा सरकारी खानावळीची मुख्य स्वयंपाकीण. घरी धर्मगुरू आल्याचं वर कळलं असतं, तर नोकरी गेली असती. "उद्या बोलावते," ती म्हणाली. आई उद्यापर्यंत थांबली नाही. पुढे देऊळ उघडलं, मावशीने पापाची कबुली दिली, क्षमाही मिळाली. पण ती क्षमा हिने घेतलीच नाही. सगळे प्रभुभोजनाला पुढे जात, ही खांबाआड उभी. "आधी फेडू दे," म्हणायची. ते फेडणं म्हणजे हे कुलिच, आणि यंदा ते मी पाडले होते.

तेवढ्यात शेजारची बुरुल आपा आली. ही किर्गीझ बाई रमजानचे रोजे पाळते आणि आमच्या कुलिचवर वर्षभर डोळा ठेवून असते. हातात परातभर बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगलेले तुकडे, गरम, तळणीतून नुकतेच काढलेले.

"दार माझ्या घरापर्यंत ऐकू आलं. हे घे, टोपली भर."

"नको गं."

"का? माझ्या तेलात पाप आहे?"

"तसं नाही. मी तुला परत काय देऊ?"

"मागितलंय कुणी? इतकी वर्षं तुझं गिळतेय मी. एकदा माझं चालत नाही होय? मोठी आलीस देणारी!"

मावशी बसक्या पावांकडे बघत राहिली. मग हात पुसले, डोक्याला रुमाल बांधला. खानावळीत नासलेलं दूध परत पाठवताना म्हणे तिचा चेहरा असाच व्हायचा.

"तिखोन, टोपली तू धर. दार मी लावते."

देवळाच्या अंगणात टोपल्यांची रांग लागली होती. फादर पाखोमी पवित्र पाणी शिंपडत आले आणि आमच्यापाशी थबकले.

"ग्लाफिरा तिमोफेयेव्ना, हे काय?" त्यांनी मावशीला पूर्ण नावाने विचारलं.

"बोर्सोक. माझे नाहीत, शेजारणीचे आहेत. यंदा माझ्याकडे द्यायला काही नाही."

फादर हसले. "त्या पहाटे बायका येशूच्या कबरेकडे सुगंधी तेल घेऊन गेल्या होत्या ना? काय झालं त्या तेलाचं?"

मावशी टोपलीवरचं फडकं नीट करू लागली. उत्तर फादरनीच दिलं.

"लागलंच नाही. तो आधीच उठला होता. त्यांच्या तेलाची वाट बघत थांबला नव्हता, बाई. तुझ्या पावांचीही बघत नाही." आणि त्यांनी बोर्सोकांवर असं पाणी मारलं की निम्मं माझ्या शर्टावर आलं. ते मला मिळायलाच हवं होतं.

रात्रीच्या उपासनेत मावशी नेहमीसारखी खांबाआड उभी होती. प्रभुभोजनाचा पेला बाहेर आला, रांग लागली. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं तेव्हा खांबाआड कुणी नव्हतं.

ती रांगेत होती. आमच्यात पेल्यापुढे दोन्ही हात छातीवर फुलीसारखे बांधतात आणि तोंड उघडतात. फादर चमच्याने भरवतात. बांधल्या हातांनी कुणाला काही देता येत नाही. मावशीने ते सोडले नाहीत. एकेक पाऊल पुढे सरकत गेली आणि तिने घेतलं.

पहाटे अंगणात "ख्रिस्त उठला!" "खरोखर उठला!" चाललं होतं. आम्ही रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटली. ज्याचं फुटेल त्याने ते द्यायचं. तिचं फुटलं.

"द्या," मी हात पुढे केला.

तिने सोललं, मीठ लावलं आणि माझ्यासमोर खाल्लं. "भूक लागलीय. तुझं देणं राहू दे."

"मावशी, तुम्ही? देणं ठेवताय?"

"ठेवतेय. आणि जाताना फाटक हळू लाव."

ते अंडं अजून मिळालेलं नाही.