माझे सासरे आणि परक्या मुलखातली बाग

माझ्या सासऱ्यांना जगातली एकही बाग परकी वाटत नाही आणि एकही पुरती पसंत पडत नाही. सोलापूरच्या बागांत उभी हयात माळीकाम करून हा माणूस निवृत्त झाला, तो फक्त पगारापुरता. सात रस्त्याला सिग्नल लागला, की हे रिक्षातून उतरून दुभाजकातल्या कण्हेरीची वाळकी पानं खुडणार. मागून हॉर्न वाजले तरी शेवटचं एक पान राहिलेलंच असतं. आमच्या लग्नात व्याह्यांच्या गाठीभेटी सोडून ते मांडवाच्या कडेच्या कुंड्यांना पाणी घालत होते. कुठल्याही गावाची माती हुंगल्याशिवाय त्या गावाबद्दल मत देत नाहीत. माझ्या गावाला, मोहोळला, "माती बरी हाय" एवढा शेरा मिळाला, तेव्हा कुठं सोयरीक जमली.

गेल्या वर्षी ते आमच्याकडे अमेरिकेत आले. आम्ही दक्षिणेकडे राहतो, तिथून तासाभरावर कापसाच्या एका जुन्या जमीनदाराची कोठी आहे. पांढरे उंच खांब आणि नदीपर्यंत उतरत गेलेली बाग. वडील खूश होतील म्हणून बायकोनं हौसेनं बेत केला, आणि ते झालेही. एका ओकच्या बुंध्याला कवेत घ्यायला गेले, हात पुरले नाहीत, तर मलाही दुसऱ्या बाजूनं उभं केलं. माहिती सांगणारी बाई मालकांच्या पिढ्यांमागून पिढ्या सांगत होती आणि मी ते मराठीत सांगत होतो. मध्येच त्यांनी मला थांबवलं.

"मालकाचं झालं. झाडं कुणी लावली, ते इचारा की."

मला संकोच वाटला, पण विचारलं. बाईनं आम्हाला कोठीमागच्या विटांच्या खोल्यांकडे नेलं. इथं गुलाम म्हणून राबलेल्यांची नावं तिथल्या फळीवर होती. आडनाव एकालाही नव्हतं. सासऱ्यांनी टोपी काढली. मी एकेक नाव वाचायचं आणि त्यांनी ते आपल्या सोलापुरी जिभेवर घोळवायचं, असं शेवटपर्यंत चाललं. एका ओळीत नावच नव्हतं, नुसतं 'बागेतला म्हातारा'. तिथं ते थांबले, हात जोडले आणि हळूच "जय भीम" म्हणाले. बाईनं अर्थ विचारला. तो समजावून सांगायला बायकोला बराच वेळ लागला. निघताना त्या बाईनंही हात जोडून तेच दोन शब्द म्हटले.

सोलापूरला परतल्यावर त्यांनी एक वही केली आणि आपल्याबरोबर बागांत खपलेल्या माणसांची नावं लिहायला घेतली. एका बाईपाशी अडले. ती कन्नड बोलायची, रोपांना पाणी घालायची, सगळे तिला आक्का म्हणायचे. खरं नाव त्यांना माहीत नव्हतं. मग विचारत विचारत अक्कलकोट रोडला, चादरीच्या कारखान्यांमागं राहणाऱ्या तिच्या लेकीपर्यंत ते पोचले. आक्का जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या दिवशी त्यांचा फोन आला.

"गंगव्वा," ते म्हणाले. "माझ्या शेजारी बसून भाकर खायची. मी कधी नाव इचारलंच न्हाय बगा."

मग त्यांनी मला ते नाव नीट उच्चारून दाखवलं, आणि माझ्याकडूनही म्हणवून घेतलं.