मूळव्याधीचं मलम

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत घाटंजीला माझं औषधांचं दुकान होतं. कापूस खरेदीच्या काट्यावरचा एक मापारी तिथे नेहमी यायचा. दुकानातल्या बायका जाईपर्यंत तो बाहेर थांबे, मग हळूच म्हणे, "काकाजी, थे मलम." मी मूळव्याधीचं मलम कागदात गुंडाळून देई. रक्त किती दिवसांपासून जातंय, हे विचारायची मलाच लाज वाटे. अशी दोन वर्षं गेली.

मग नागपूरला त्याच्या मोठ्या आतड्यात कर्करोग निघाला. परतल्यावर तो थोरल्या भावाला घेऊन दुकानात आला आणि डॉक्टरांचं बोलणं काट्यावरच्या खणखणीत आवाजात सांगू लागला.

"पेशी एकमेकीले निरोप धाडतेत म्हने, बारीक रेणूच्या हातून. एक वाढायचा, एक थांबायचा. माह्या आतड्यात वाढायचा निरोप बंदच नाही होऊन राह्यला, अन् थांब म्हनलेलं कोनी आयकत नाही. काट्यावर मी नसलो का कापसाच्या बैलबंड्या कशा घुसतेत, तसं!"

तो एकटाच हसला. भाऊ माझ्याकडे वळला.

"काकाजी, दोन वर्सं मलम देल्लं. डॉक्टरले दाखव, असं काहून नाही म्हनलं?"

"म्हटलं होतं. यानेच ऐकलं नाही," मी म्हणालो.

मापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "हो दादा, काकाजीनं लय सांगतलं. मीच नाही गेलो."

भाऊ त्याला भर दुकानात शिव्या देत होता आणि तो मान खाली घालून ऐकत होता.

मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. माझं ऐकलं असतं तर तो वाचला असता, असं त्याच्या घरी अजून म्हणतात.