पुसलेले तीन डझन बॉल

ये गं, लांबूनच का होईना, अशी जवळ बस आणि कान दे. परवा फोनवर हसलीस ना, "मावशी, बॉलला चिखल फासायला बी.कॉम. झालेली सून कशाला हवी?" ते मला लागलं. शहाणी आहेस, पण माहीत नसताना असं बोलू नये बाई.

आता माझंच सांगते. सून दुबईच्या मैदानावर बेसबॉलवाल्यांकडे लागली. पगारी खेळाडूंचे मोठे सामने. त्या सामानाच्या खोलीत नोकरीला बाई म्हणशील तर ती एकटी, आणि तीसुद्धा महिनाभर ट्रायलवर. पुढे ठेवायचं की नाही, ते सुपरवायझर ठरवणार. मी आपली तिथेच जर्सीची बटणं लावायला जायची. ती काय करते, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? बॉल मोजत असेल, एवढंच वाटायचं.

ट्रायलचा शेवटचा दिवस. तिला कुणीतरी बाहेर बोलावलं. माझी बटणं संपलेली. समोर टोपलीत बॉल, सगळे मळकट. म्हटलं, पोरीला पुसायला वेळ मिळाला नाही वाटतं. घेतलं ओलं फडकं आणि बसले पुसत. तीन डझन लख्ख केले गं मी!

ती आली ती किंचाळलीच. "मम्मी, स्टॉप! प्लीज स्टॉप!"

मग कळलं. नवा बॉल गुळगुळीत असतो, टाकणाऱ्याच्या बोटांत ठरत नाही. म्हणून अमेरिकेहून डब्यात येणारा बारीक चिखल चोळायचा. डोळ्यांना कमी दिसला पाहिजे, बोटांना जास्त कळला पाहिजे. दुपारपासून ती तेच करत होती. आणि माझे बॉल तर पाणी प्यायलेले, बादच. अर्ध्या तासात अंपायर तपासायला येणार. नवे खोके सुपरवायझरच्या कपाटात.

तिने जाऊन सांगितलं, "सर, गलती मेरी है।"

मी मध्येच म्हटलं, "झूठ बोलती है। मैंने पोंछा।"

तो माझ्या हातातल्या फडक्याकडे बघतच राहिला. "आंटी, आपको बटन के पैसे मिलते हैं ना?" मान वर करवेना मला. खोके आपटून म्हणाला, "यल्ला, चलो, टाइम नहीं है।"

मी फक्त खोके फोडून बॉल तिच्या हातात देत होते. ती थेंबभर पाणी, नखभर चिखल घ्यायची, दोन्ही तळव्यांत बॉल फिरवायची, शिवणीतून अंगठा न्यायची, टोपलीत टाकायची. घाम नाकावरून टपकत होता तो खांद्याने पुसायची, हात थांबवायची नाही. दारात बुटांचे आवाज आले तेव्हा शेवटचे दोन उरले होते.

बॉल कुणी तयार केले त्या कागदावर एरवी सही सुपरवायझर करायचा. महिनाभर काम हिचं, नाव त्याचं. त्या दिवशी मात्र कागद त्याने हिच्याकडे सरकवला. "आज साइन तू कर।" बॉल नापास झाले तर कुणाच्या माथी जाणार, समजलं ना? तिलाही समजलं. तरी तिने पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

अंपायरने एक बॉल उचलला, दाबला, उजेडात धरला. ठेवला. दुसरा. तिसऱ्यावर जरा थांबला. मग कागद वाचला, तिचं नाव अडखळत उच्चारलं आणि विचारलं, "यू डिड ऑल दीज?"

"येस सर. होल मंथ," ती म्हणाली.

सुपरवायझर जमिनीकडे बघत होता. अंपायर एवढंच म्हणाला, "गुड. सेम हँड्स टुमॉरो."

तेव्हापासून त्या कागदावर तिचीच सही असते. मला मात्र आता दारातूनच जर्सी देतात, आत घेत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

तर सुट्टी टाक आणि लवकर ये. अल कुसैसला आमच्याकडेच उतर, रविवारी ती घरी असते. तिच्याशी बोल जरा.