मालतीबाईंनी उतरवायला लावलेला निळा रंग

मालतीबाईंची पहिली भेट झाली तेव्हा मी कर्जतला ट्रकच्या बॉड्या रंगवत असे. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. बाई नगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. त्यांचे धाकटे बंधू सुरेशराव ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, चालवायला शिकून आले होते. बहीणभावांनी शेतावरच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून फायबरग्लासचं ग्लायडर बांधलं होतं.

बाई परीक्षांत गुंतलेल्या असताना सुरेशरावांनी मला बोलावून ते गडद निळं करून घेतलं. रविवारी उड्डाण ठरलं. शुक्रवारी भर दुपारी बाई आल्या. बाहेर उन्हात ठेवलेल्या पंखाला त्यांनी हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"सुरेश, फायबरग्लासमधली ही राळ तापली की मऊ पडते. पांढराच रंग हवा."

"ताई, रंगानं काय होतंय? परवा माणसं येणार आहेत."

"काय होतं तेच बघू."

त्यांनी उरलेल्या फायबरग्लासच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या. एक मला निळी करायला लावली, दुसरी पांढरी. रंग वाळल्यावर, शनिवारी दुपारी, दोन्ही पट्ट्या उन्हात दगडांवर आडव्या टेकवून मधोमध एकेक वीट ठेवली. आम्ही तिघं बघत बसलो. तासाभरानं निळी पट्टी वाकली. वीट घसरून खाली पडली. पांढरी तशीच होती.

सुरेशरावांचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "बाई, चूक माझी हाय. मी तुमाला इचारायला पायजे हुतं."

"आधी सांगायला मी हवं होतं," बाई म्हणाल्या. "पॉलिशपेपर किती आहे तुमच्याकडे? थिनर नको, राळ खराब होईल."

मग टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून त्यांनी पंख तपासले. सुदैवानं ते सरळ होते. रविवारी जमलेल्या लोकांना बाईंनी स्वतः सांगितलं, "आज उड्डाण नाही." लोक हसले. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि शेडमध्ये येऊन घासायला बसल्या. नऊ दिवस आमच्या बरोबरीनं घासलं; बोटं सोलली. मला मात्र एका शब्दानं बोलल्या नाहीत.

सुरेशरावांना घेऊन पांढरं ग्लायडर जीपला बांधलेल्या दोरानं वर चढलं, मग त्यांनी दोर सोडला. ते माळावर घिरट्या घालत होतं तेवढा वेळ बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. सुरेशराव सुखरूप उतरले तशा त्या मटकन खाली बसल्या नि म्हणाल्या, "भाकरी आहे का कुणाकडे? कालपासून पोटात काही नाही."

बाईंनी पंचाहत्तरी गाठली, म्हणून हा गौरव अंक निघतो आहे. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, आणि शंभरीच्या अंकातही चार ओळी लिहायला मला बोलावणं येवो.